फटफटीचं वय

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रात पेट्रोलवरची गाडी पंधरा वर्षांची झाली की ती रस्त्यावर आणायची नाही. पन्नास वर्षांची झाली की तीच गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला वेगळी नंबरप्लेट मिळते आणि लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. पहिला नियम राष्ट्रीय हरित लवादाचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो जुन्या पेट्रोल गाड्यांना लागला, एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. दुसरा नियम केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा, जुलै २०२१ चा. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की शाळकरी पोरालाही पडेल असा प्रश्न पडतो: जी गाडी पंधराव्या वर्षी मोडीत निघायची, ती पन्नासाव्या वर्षापर्यंत पोचणार कशी? एक तर ती मुदत संपण्याआधी कुणीतरी दूरच्या जिल्ह्यात नेलेली असली पाहिजे, नाहीतर पस्तीस वर्षं कुणाच्या तरी गोठ्यात, जिन्याखाली, ताडपत्रीखाली पडून राहिली पाहिजे. किंवा तिच्या मालकाने नियमाकडे काणाडोळा केला पाहिजे. ज्याला आपण वारसा म्हणतो तो अशा दुर्लक्षातून, लपवाछपवीतून आणि नाइलाजातून आपल्या हाती येतो.

माझ्याकडे १९७१ ची राजदूत आहे, म्हणून हा प्रश्न मला सोडत नाही.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. आमच्याकडे मोटारसायकलीला फटफटी म्हणत. माझे आजोबा तर शेवटपर्यंत दुसरा शब्द बोलले नाहीत. नोकरीपायी २००३ साली दिल्लीला आलो आणि आता गाझियाबादला, वसुंधरेत राहतो. जुन्या गाड्यांचा नाद लागलेल्या माणसाला या शहरात सोबतीची वाण नाही. करोलबागेत नाईवाला भागातल्या गल्ल्यांमध्ये शिरलं की दोन्ही बाजूंना बुलेटच बुलेट: सुट्या झालेल्या, रंगवलेल्या, नुसतीच हाडं उरलेल्या. पण बुलेट मद्रासची, जावा म्हैसूरची. राजदूत मात्र इथली, फरीदाबादची. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकात ती बनवायला घेतली. एक सिलिंडर, १७३ सीसी, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. पुढच्या चाकाला टेलिस्कोपिक फोर्कऐवजी झोपाळ्यासारखी हलणारी जोडणी, त्यामुळे खड्ड्यातून जाताना गाडी मान डोलावते. धर्मेंद्र तिच्या जाहिरातीत असे. तिचं खरं आयुष्य मात्र सिनेमापासून फार लांब गेलं: हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पहाटे चारला दुधाचे कॅन लादून शहराकडे निघणाऱ्या माणसांच्या मांडीखाली. विंटेजवाल्यांच्या मेळाव्यात बुलेटकडे आदराने पाहतात, बीएसए किंवा ट्रायम्फ आली तर बोलणं थांबतं. राजदूत पाहिली की मंडळी हसतात आणि म्हणतात, अरे, दूधवाला आला.

माझी गाडी खरंच दूधवाल्याची होती. पलवलजवळच्या एका गावातून घेतली. मालक वारला होता, मुलगा पिकअप चालवत होता, आणि राजदूत गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला दोन्ही बाजूंना लोखंडी अँगलच्या चौकटी वेल्डिंगने जोडलेल्या होत्या, चार कॅन बसतील अशा. सीटच्या मागच्या बाजूला एक आकडा होता, बहुधा मापं अडकवायचा. पेट्रोलच्या टाकीवर, गुडघा टेकतो तिथे रंग जाऊन पत्रा उघडा पडला होता आणि घासून चकाकत होता. आरसी सापडली, नंबर जुळला. मुलाने पैसे मोजून घेतले आणि विचारलं, "याचं करणार काय, बाबूजी?" मी म्हणालो, दुरुस्त करणार. तो म्हणाला, "बिघडलंय काय? किक मारा, चालू होईल." आणि सातव्या-आठव्या किकला ती खरंच चालू झाली. निळ्या धुराने गोठा भरला, म्हशी बिथरल्या.

करोलबागेतल्या ज्या उस्तादांकडे मी गाडी नेली त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं: या चौकट्या आधी कापायच्या. विंटेजच्या नियमातही तेच आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासीत, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अँगल जोडणं हा फेरफार. पण मूळ स्वरूप म्हणजे कुठलं? फरीदाबादच्या फाटकातून गाडी १९७१ साली बाहेर पडली त्या दिवशीचं? त्या दिवशी ती एक माल होती, कुणाचीच नव्हती. पुढची तीसेक वर्षं ती जी काही झाली ती त्या चौकटींमुळे झाली. माझ्या वाट्याला ती आली तीही त्यांच्यामुळेच. कॅन वाहणारी गाडी विकून नवी घेणं त्या माणसाला परवडलं नाही, म्हणून ती उरली. जे शौकाने गाड्या घेत होते त्यांनी आपापल्या राजदूती ऐंशीच्या दशकात जपानी हंड्रेड सीसी आल्याबरोबर फुंकून टाकल्या.

मोटारसायकल आणि तत्त्वज्ञान हे शब्द एका दमात उच्चारले की कुणीतरी रॉबर्ट पिर्सिगचं १९७४ चं पुस्तक पुढे करतं. पुस्तक चांगलं आहे, आणि त्याचा लेखक काही काळ काशी हिंदू विद्यापीठात शिकला होता हेही खरं. पण त्याची गाडी अमेरिकेच्या मोकळ्या रस्त्यांवर धावत होती. ती चालवण्याचा आपल्याला हक्क आहे का, हा प्रश्न त्याला पडायचं कारण नव्हतं. मला त्यापेक्षा 'मिलिंदप्रश्न' जवळचा वाटतो. त्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय ते दाखव. चाकं म्हणजे रथ का? आस? जू? राजा एकेकाला नाही म्हणत जातो आणि शेवटी दोघांना मान्य होतं की या सगळ्यांच्या जुळणीला आपण व्यवहारात दिलेलं नाव म्हणजे रथ. आमच्या आरटीओने हा वाद अधिक झटपट मिटवला आहे: रथ म्हणजे चासी नंबर. पिस्टन लुधियानाचा, कार्बोरेटर नवा, सीट कालची, तरी नंबर जुळला की गाडी तीच. माझ्या राजदूतमध्ये कारखान्यातून आलेलं किती उरलं आहे याचा हिशेब मी एकदा मांडला होता. चासी, इंजिनाचं आवरण, टाकी, पुढचा मडगार्ड, आणखी दहा-पंधरा वस्तू. बाकी सगळं बदललेलं. तरीही ती 'मूळ' आहे. त्या चौकट्या ठेवल्या असत्या तर नसती.

चौकट्या कापल्या. उस्तादांचं ऐकलं, कारण कागद करायचे होते. वेल्डिंगच्या खुणा ग्राइंडरने घासून घेतल्या. मी अडून बसलो म्हणून सीटखाली, सहज दिसणार नाहीत अशा जागी, दोन खुणा तशाच ठेवल्या आहेत. कापलेले अँगल माझ्या गच्चीवर आहेत. बायको वर्षातून दोनदा विचारते, आणि मी भंगारवाल्याला ते देत नाही.

नियमाचं दुसरं कलम मला जास्त अस्वस्थ करतं. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी नाही, धंद्यासाठी तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल, पेट्रोल भरायला जाणं, एवढ्यासाठी ती रस्त्यावर आणायची. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदवताना पाच हजार. कलम वाजवी आहे. नाहीतर विंटेजच्या नावाखाली कुणीही खटारा हाकील. पण त्याचा अर्थ असा होतो की जुनी गाडी वाचवायची असेल तर आधी तिची कुणालाच गरज उरलेली नसावी. जिच्यावर कुणाचं पोट आहे ती पंधराव्या वर्षी कचरा, आणि जिच्याविना कुणाचंच काही अडत नाही ती ठेवा.

आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर देवळाशी एक फूलवाला बसतो. पहाटे गाझीपूरच्या फूलमंडीत जायचं, झेंडू-मोगरा उचलायचा, सात वाजेपर्यंत परत. त्यासाठी त्याच्याकडे २००८ ची फोर-स्ट्रोक मोटारसायकल होती. रोजच्या राबत्याची, सरळ, बिनतक्रार. महिन्याला तो ऑइल तपासायचा. माझ्याकडून एकदा प्लग साफ करायचा ब्रश घेऊन गेला तो परत आणून द्यायला विसरला नाही. १ जुलै २०२५ ला दिल्लीतल्या पंपांवर मुदत उलटलेल्या गाड्यांना इंधन न देण्याचा हुकूम अमलात आला. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे लागले, पोलीस उभे राहिले. ओरड इतकी झाली की काही दिवसांतच तो थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई नको असं सांगितलं. डिसेंबरमध्ये ते संरक्षण आवळलं आणि भारत स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना ते उरलं नाही. फूलवाल्याने यातलं काही होण्याची वाट पाहिली नाही. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात त्याने गाडी एका दलालाला विकली, सांगताना लाज वाटेल इतक्या पैशात. दलाल अशा गाड्या परिसराबाहेर, जिथे वयाचा नियम नाही अशा जिल्ह्यांत पाठवतो. म्हणजे गाडी मोडीत निघालीच नाही. तिचा धूर आता दुसऱ्या कुणाच्या तरी पोरांच्या नाकात जातो. फूलवाला ई-रिक्षाने जातो आणि मोगरा आणत नाही, कारण पोचेपर्यंत चांगला माल संपलेला असतो.

त्याच महिन्यात माझ्या राजदूतच्या विंटेज नोंदणीची फाइल पुढे सरकत होती.

फूलवाल्याने माझी गाडी पाहिलेली आहे. त्याने कधी टोमणा मारला नाही. एकदा एवढंच म्हणाला, "तुमचीला काही होणार नाही ना, भाईसाब? ती तर फार जुनी आहे." त्याला खरंच काळजी वाटत होती.

यावर सोपं उत्तर असं की वयाचा नियमच चुकीचा आहे. धूर मोजा, वय मोजू नका. हे मलाही पटतं. नीट राखलेली सतरा वर्षांची फोर-स्ट्रोक गाडी आणि हेळसांड झालेली सात वर्षांची गाडी यांत हवेला कोण जास्त छळतं हे जन्मतारखेवरून सांगता येत नाही. डिसेंबरच्या आदेशाने वयाकडून धुराकडे एक पाऊल टाकलं, पण तेही गाडी कारखान्यातून निघताना किती धूर सोडत होती त्याकडे. आज ती किती सोडते याकडे नव्हे. खरी तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशी व्हावी, दर वर्षी, कडक. विंटेजच्या बैठकांमध्ये मी हे बोललो की सगळे माना डोलावतात. पुढचं वाक्य बोललो की डोलायच्या थांबतात. पुढचं वाक्य असं: ती तपासणी झाली तर फूलवाल्याची गाडी सुटेल आणि माझी अडकेल.

यात शंकेला जागा नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतल्याच झरोक्यांतून ताजं मिश्रण आत येतं आणि जळलेला वायू बाहेर पडतो, आणि दोन्ही झरोके थोडा वेळ एकत्र उघडे असतात. त्या अवधीत ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच बाहेर निसटतो, वर त्यातलं ऑइल. कार्बोरेटर कितीही नीट लावा, उत्तम ऑइल घाला, निळा धूर कमी होईल, जाणार नाही. मी ज्याला वाजवी म्हणतो तो नियम माझ्याच गाडीविरुद्ध जातो आणि मी बोलतो त्या तत्त्वाची किंमत मला द्यावी लागते. त्यामुळे ते तत्त्व खोटं ठरत नाही. उलट, ज्या तत्त्वाने आपल्या पायाला कधीच बोचत नाही त्याच्याबद्दल मला थोडा संशय असतो.

मग विंटेजवाल्यांची ठेवणीतली सफाई येते: आमच्या गाड्या किती, त्या चालतात किती? माझी वर्षाला तीनशे किलोमीटर जात असेल नसेल. दिल्लीच्या हवेत तिचा वाटा शोधायला दुर्बीण लागेल. हे अंकगणित बरोबर आहे आणि तरी त्याने माझं समाधान होत नाही. अपवाद निरुपद्रवी असतो तो बाकीच्यांनी अपवाद व्हायचं नाकारल्यामुळे. फूलवाल्याने गाडी विकली, आणखी लाखोंनी विकल्या, म्हणून माझ्या धुराला दुर्बीण लागते. नियमाचं ओझं त्यांनी उचललं आणि त्यामुळे मोकळी झालेली जागा मी वापरतो. शिवाय त्याचा धूर पोटासाठी होता. माझा हौसेसाठी आहे. हौस वाईट असं मी मानत नाही. हौस नसती तर संगीतही नसतं आणि अंगणात मोगराही नसता. पण आधी कुणाचा धूर बंद व्हावा असं कुणी विचारलं तर उत्तर देताना मला अडखळता येत नाही.

हवा हा इथे वादाचा मुद्दा नाही. मी आलो तेव्हा दिल्लीच्या बस नुकत्याच सीएनजीवर गेल्या होत्या, त्याही १९९८ च्या न्यायालयाच्या आदेशामुळे. त्या वेळी किती लोकांची रोजी बुडाली, किती रांगा लागल्या हे ऐकलं आहे, आणि काळा धूर ओकणाऱ्या बस गेल्या हेही खरं. हुकुमाशिवाय हे झालं नसतं. आमच्या मजल्यावर सहा वर्षांची एक मुलगी आहे. नोव्हेंबर लागला की संध्याकाळी तिच्या घरातून नेब्युलायझरची घरघर ऐकू येते. मी राजदूत कधीच आमच्या इमारतीखाली चालू करत नाही. ढकलत मुख्य रस्त्यापर्यंत नेतो. दिवाळीपासून वसंतपंचमीपर्यंत तर किकच मारत नाही. प्लग काढतो, सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडतो आणि पंधरा दिवसांनी पिस्टन हाताने किकवर दोन-चारदा फिरवतो, म्हणजे तो चिकटत नाही. टाकी रिकामी ठेवतो. हे मी धर्म म्हणून करत नाही. दुसरं काही करणं मला जमत नाही.

तर मग गाडी संग्रहालयात का देत नाही? गुरुग्रामच्या पुढे तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, २०१३ पासून. पालखीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत सगळं तिथे आहे, आणि जतन उत्तम आहे. मी तिथे तीनदा गेलो. तिथल्या मोटारसायकलींसमोर उभं राहिलं की बघण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त एक गोष्ट हरवते: त्या गाड्या आता कुणाला कुठे नेत नाहीत. वाद्य भिंतीवर टांगलं तरी ते वाद्यच, हे कबूल. पण तारा उतरवून टांगलेल्या सतारीकडून आपल्याला फक्त तिचा आकार कळतो. राजदूत खड्ड्यात मान डोलावते हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. थंड असताना ती आधी एका अंगाने खाकरते, मग सूर धरते. चार कॅन लादून पहाटे पलवलहून निघणाऱ्या माणसाच्या मनगटात हँडलचा हाच थरथराट जात असणार, हे मला गाडी चालवताना कळतं, तिच्याकडे बघताना नाही. एवढ्यासाठी वर्षाला तीनशे किलोमीटरचा धूर रास्त ठरतो का? काही सकाळी ठरतो असं वाटतं. फूलवाला ई-रिक्षातून टोपली उतरवताना दिसला तर नाही वाटत.

माझे एक बंगाली स्नेही चित्तरंजन पार्कात राहतात. त्यांच्याकडे राजदूत ३५० आहे, म्हणजे यामाहाची आरडी ३५०, जी एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे बनवली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पेट्रोल पिण्यात आणि पळण्यात त्या काळी जोड नव्हती. खप बेताचा, दबदबा मोठा. त्यांनी ती १९८६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, नवी कोरी घेतली. मालक बदलला नाही, इंजिन बदललं नाही, फुटरेस्टची रबरंसुद्धा पहिलीच. माझ्या गाडीपेक्षा दहा पटींनी 'मूळ'. पण नोंदणी रद्द झाली आहे, कारण ती पंधराच्या पुढे आहे आणि पन्नासच्या अलीकडे. कायद्याच्या नजरेत ती अजून जुनी झालेली नाही, नुसतीच म्हातारी झाली आहे. त्यांच्या मुलीने ती हैदराबादच्या एका शौकिनाला विकायचं सुचवलं; किंमतही घसघशीत येत होती. त्यांनी नको म्हटलं. गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी खडूने २०३६ लिहून ठेवलं आहे. त्या वर्षी गाडी पन्नासची होईल आणि ते चौऱ्याहत्तरचे.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा आम्ही गाडीवरचं फडकं काढलं आणि किक हातानेच फिरवून पाहिली. दाब चांगला आहे. परत झाकताना ते म्हणाले, पंपावर तेव्हा पेट्रोल मिळत असेल का हो? मी म्हणालो, मिळेल, थोडंफार. ते म्हणाले, मग तुम्ही या तेव्हा, कारण माझ्या गुडघ्याने तोवर किक बसणार नाही. मी त्यांना माझ्या गुडघ्याबद्दल काही सांगितलं नाही.